समर्पणाआधी

"लग्न झालंय का हिचं?"

म्हातारीने हा प्रश्न मला विचारलाच नव्हता. माझ्याकडे नुसती हनुवटी उडवून तिने तो आरोग्यकेंद्रातल्या सिस्टर म्वालेंना विचारला. सिस्टरांनी तो इंग्रजीत माझ्यापर्यंत पोचवला आणि मी मान हलवून नाही म्हटलं. म्हातारीचं समाधान झालं नाही. तिने आणखी काहीतरी विचारलं. या वेळी सिस्टर जरा घुटमळल्या.

"गोगो, म्हणजे आजी, विचारतेय, तू थंड आहेस का?"

"थंड म्हणजे?"

सिस्टरांनी दाराकडे पाहिलं. दारात रणनवरे आंटी उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे व्हरांड्यात सर. सिस्टरांनी आवाज खाली आणला. "लग्न झालं नाही हे कळलं. पण लग्नाशिवायही कुणाशी काही..."

"नाही," मी म्हणाले. माझे कान गरम झाले.

"मग तू थंड आहेस." सिस्टरांनी म्हातारीला तसं सांगितलं. म्हातारी माझ्या अगदी जवळ आली आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली. दुकानदार नोट उजेडात धरून बघतो, तसं. मग तिने माझ्या ओढणीचं टोक धरलं आणि मला आत ओढलं.

आंटीही आत यायला निघाल्या. म्हातारीने हात आडवा केला.

"अगं, मी दोन पोरं वाढवलीत," आंटी मराठीतच म्हणाल्या. "हिला लंगोट बांधता येत नाही."

म्हातारीला मराठी येत नव्हतं, पण हात तसाच राहिला.

नामवेरा हे मलावीच्या दक्षिणेला, मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी असलेलं गाव. आम्ही नगरहून तिथे गेलो होतो. रणनवरे सर, त्यांची बायको, कॉलेजातली तीन मुलं आणि मी. सर आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि ख्रिस्ती विद्यार्थी मंडळ चालवत. मी नुकतीच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते. तीन आठवड्यांची सेवा होती. सकाळी मुलांची बायबल शाळा, दुपारी आरोग्यकेंद्राच्या भिंती रंगवणं, संध्याकाळी भजनं. आता शेवटचे चार दिवस राहिले होते. रविवारी उपासनेनंतर गाडी येणार आणि आम्ही ब्लँटायरला जाऊन विमान पकडणार, असा बेत होता.

रविवारच्या त्या उपासनेसाठी तर सगळा खटाटोप होता. आम्ही सोबत एक वॉर्मर आणला होता. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना ऊब देणारं यंत्र. वर हीटर, खाली गादी. आमच्याकडच्या मंडळ्यांतल्या बायका रोज स्वयंपाकाला बसताना धान्याची एक मूठ देवासाठी बाजूला काढतात. वर्षभराच्या त्या मुठींतून हे यंत्र आलं होतं. त्यामुळे त्याला समर्पणाआधी हात लावायचा नाही, हे कुणी न सांगताच ठरलं होतं. आमच्यात नवा पेटी-तबला आला तरी आधी पाळकसाहेब त्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, मग तो वाजतो. पहिल्याच रविवारी सरांनी नामवेराच्या मंडळीला सांगून टाकलं होतं, "लहान जिवांना ऊब देईल असं एक दान आम्ही भारतातून आणलंय. शेवटच्या रविवारी त्यावर हात ठेवू, देवाला देऊ, मग ते तुमचं." बायकांनी जिभा हलवत आनंदाचा लांब आवाज काढला होता. खोकं तेव्हापासून चर्चमध्ये वेदीजवळच्या टेबलावर होतं, त्यावर आंटींनी भरतकाम केलेला पांढरा रुमाल.

गुरुवारी दुपारी गोगोची मुलगी तियामिके बाळंत झाली, दीड महिना आधी. तिला भरपूर रक्त गेलं होतं. बाळ दीड किलोच्याही आत. आदल्या दिवशी डोंगरावर एवढा पाऊस झाला होता की जिल्ह्याच्या हॉस्पिटलच्या रस्त्यावरचा फरशीपूल पाण्याखाली होता. सिस्टर म्वाले ॲप्रन घातलेल्या तशाच चर्चकडे धावत आल्या.

"प्रोफेसर, रविवारपर्यंत नाही थांबता येणार."

सरांनी वेदीकडे एकदा पाहिलं. मग स्वतःच कात्री घेऊन खोक्याच्या पट्ट्या कापल्या. ते मला फार आवडलं होतं.

खोक्यातून यंत्र बाहेर काढताना वरच्या भागातून खुळखुळ आवाज आला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला शलमोन भिंगारदिवे आमच्याबरोबर होता. त्याने झाकण उघडलं. हीटरची काचेची नळी तीन ठिकाणी तुटली होती.

"प्रवासात गेली," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी उघडलं असतं ना सर, तर ब्लँटायरहून काहीतरी जुगाड झाला असता."

सरांनी मान हलवली. त्यांच्या हातात अजून कात्री होती.

अशा रीतीने मी त्या खोलीत पोचले.

सिस्टरांनी मला भराभर समजावलं. बाळाला उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून धरायचं. वरून चितेंजे, म्हणजे त्यांचं ते रंगीत सुती कापड, घट्ट बांधायचं. आईने हे करायचं असतं. पण तियामिकेला ताप चढला होता, दातावर दात आपटत होते, तिच्यावर बाळ ठेवणं शक्य नव्हतं. आजीने केलं असतं, पण गोगोला महिनाभर खोकला होता आणि सिस्टरांना तो खोकला आवडत नव्हता.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी गरम आहे," सिस्टर हसल्या. "नवरा आहे, चार मुलं आहेत. इथे म्हणतात, नवं बाळ थंड असतं. संसारातल्या बाईने त्याला धरलं तर ते आजारी पडतं. म्हाताऱ्या चालतात, मुली चालतात."

"तुमचा विश्वास आहे यावर?"

"नाही. पण गोगोचा आहे, आणि पोर तिच्या मुलीचं आहे. मी त्याला छातीशी धरलं आणि उद्या त्याचं बरंवाईट झालं, तर या गावातली एकही बाई माझ्याकडे बाळंतपणाला येणार नाही."

"गावात मुली नाहीत का?"

सिस्टरांनी हा प्रश्न गोगोला विचारला. गोगोने लांबलचक उत्तर दिलं. अंथरुणात कुडकुडणारी तियामिकेसुद्धा त्यावर हसली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, गावातल्या मुलींना ती ओळखते, म्हणूनच नको."

बाळ माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा मी दचकले. ते गार होतं. पावसात भिजलेली चिमणी ठेवावी तसं. मी तोवर एकही तान्हं बाळ धरलं नव्हतं. गोगोने चितेंजेचे दोन वेढे माझ्याभोवती घातले, पाठीमागे गाठ मारली, आणि मग समोर येऊन गाठीची नाही, माझीच तपासणी केली. खांदे खाली दाबले. हनुवटी वर केली.

"मान दबू देऊ नकोस त्याची," दाराबाहेरून आंटी ओरडल्या. "तोंड एका बाजूला. श्वास दिसला पाहिजे तुला."

"दिसतोय, आंटी."

"मोठ्याने बोलू नकोस."

माझ्या बॅगेत एक थर्मामीटर होता. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मीच जोडलेला, दोन तारांचा, एकाच वेळी दोन ठिकाणचं तापमान दाखवणारा. वॉर्मर बसवल्यावर गादीची उष्णता सगळीकडे सारखी आहे का, हे बघायचं काम माझं होतं. मी शलमोनला तो आणायला सांगितलं. एक तार बाळाच्या काखेत लावली. दुसरीचं काय करायचं हे कळेना, म्हणून ती माझ्याच गळ्याखाली, बाळ टेकलं होतं तिथे चिकटवली. मोकळी तार मला सहन होत नाही.

बाळाचा आकडा पस्तीस अंश सेल्सिअसच्या खाली होता.

"साडेछत्तीस पाहिजे," सिस्टर म्हणाल्या. "आणि तो तिथे टिकला पाहिजे. याच्या अंगात चरबी नाही. तू सोडलंस की हा पुन्हा गार."

"किती वेळ धरायचं?"

"हिचा ताप उतरेपर्यंत, नाहीतर नदी उतरेपर्यंत. जे आधी होईल ते."

अंधार पडेपर्यंत आकडा हळूहळू वर आला. छत्तीस झाला. मग छत्तीसच्या थोडा वर. मी भिंतीला टेकून बसले होते आणि त्या आकड्यांकडे बघत होते. मला बघायला आकडे असले की भीती वाटत नाही.

शुक्रवार सगळा तसाच गेला. मी लघवीला जाई तेवढा वेळ गोगो तोंडाला फडकं बांधून, मान पार वळवून बाळाला धरी. बाकी वेळ मी. तियामिकेचं दूध सिस्टर वाटीत काढत आणि चमच्याने थेंबाथेंबाने बाळाच्या ओठांवर सोडत. आंटींनी मक्याच्या पिठाच्या भाकरी केल्या आणि ताट उंबऱ्यावर ठेवलं. माझे दोन्ही हात बाळाखाली होते. गोगोने भाकरी उलटसुलट करून पाहिली, वास घेतला, एक तुकडा स्वतः खाल्ला, आणि मग मला भरवायला बसली. खोकला आला की तोंड फिरवी, खोकून घेई, आणि पुन्हा घास.

"काय म्हणते भाकरीला?" आंटींनी दारातून विचारलं.

सिस्टरांनी विचारून सांगितलं, "म्हणते, चव आहे, पण इतकी पातळ का लाटली, पीठ कमी होतं का?"

"सांगा तिला, थापलीय, लाटली नाही," आंटी म्हणाल्या. पण दुपारची भाकरी जाड आली.

शलमोन मधूनमधून खिडकीत येई. त्याने तुटलेल्या हीटरच्या जागी बल्ब लावून पाहिले होते. केंद्राच्या सोलरवर तेवढे चालेनात. गावात वीज होती तीही वादळात गेली होती.

"एस्तेर, अजून किती तास चालेल गं तुझी बॅटरी?"

"थर्मामीटरची?"

"तुझी."

"जा तू."

"सर रविवारच्या प्रार्थनेचा कागद घेऊन बसलेत. नगरलाच लिहून आणलीय म्हणे. आता मोडकं यंत्र देवाला कसं द्यायचं म्हणून विचारात पडलेत. चर्चमध्ये एकटेच बसतात."

मला सरांचं वाईट वाटलं. पण त्या दोन दिवसांत मला कशाचंच फार वेळ काही वाटत नव्हतं. माझ्या छातीवर एक श्वास चालू होता आणि तो मधूनमधून थांबे. दिवसांआधी आलेली बाळं श्वास घ्यायला विसरतात, असं सिस्टरांनी सांगितलं होतं. तळपायाला बोट घासलं की आठवतं. म्हणून माझं एक बोट कायम त्याच्या तळपायाशी होतं. तळपाय माझ्या त्या बोटापेक्षाही लहान होता.

दुपारी सगळे बाहेर असताना तियामिकेने कूस बदलली. ती माझ्याच वयाची असेल. शाळेतलं इंग्रजी तिला येत होतं, पण तोवर ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"जड आहे का तो?" तिने विचारलं.

"नाही."

"पोटात जड होता," ती म्हणाली.

मी चितेंजे थोडं खाली केलं आणि तिला दिसेल अशी वळून बसले. ती झोप लागेपर्यंत त्याच्या केसांकडे बघत होती.

शनिवारी पहाटे, खिडकीत उजेड यायच्या सुमाराला, जे झालं ते मी अनेकदा सांगून पाहिलं आहे. दरवेळी ते सांगण्यात लहान होतं.

सिस्टर दूध पाजत होत्या. बाळाला ठसका लागला, दूध सांडलं, चितेंजे ओलं झालं. ते सोडून दुसरं बांधेपर्यंत गोगोने दार उघडलं आणि डोंगरावरचा वारा सरळ आत आला. दोन मिनिटांचाच प्रकार. पण कोरडं कापड बांधून मी थर्मामीटरकडे पाहिलं तर बाळाचा आकडा खाली चालला होता. छत्तीस गेले. त्याचे हात माझ्या अंगावर सैल पडले. श्वास थांबला. मी तळपाय घासला. आला. पुन्हा थांबला.

"घास," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "थांबू नकोस, घास."

मी घासत होते आणि आकड्याकडे बघत होते. पस्तीस पॉइंट आठ. पॉइंट सात. करण्यासारखं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. प्रार्थना करावी असंही सुचलं नाही. मी नुसती वाचत होते.

आणि मग माझी नजर दुसऱ्या आकड्यावर गेली. माझ्या.

दोन दिवस तो जवळजवळ एका जागी होता. इतका, की मी त्याच्याकडे बघणं सोडलं होतं. आता तो चढत होता. बाळाचा उतरत होता आणि माझा चढत होता. मी हलले नव्हते. खोली गार होती, माझे पाय बर्फ झाले होते, वारा नुकता अंगावरून गेला होता. तरी गळ्याखालच्या त्या तळहाताएवढ्या जागेत माझं अंग तापत होतं.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो थर्मामीटरच्या चुकीचा. तारा ओढल्या गेल्या असतील, एक सैल झाली असेल. मी डाव्या हाताने तळपाय घासत राहिले आणि उजव्या हाताने दोन्ही तारा काढून अदलाबदल केली. त्याची मला, माझी त्याला. आकडे स्थिर व्हायला थोडा वेळ लागला. मग तेच दिसलं, उलट्या खिडक्यांत. यंत्र खरं बोलत होतं.

माझा आकडा चढत गेला. मला आता तो आतून जाणवतही होता, चुलीसमोर बसल्यावर छातीला झळ लागते तसा, फक्त चूल आतल्या बाजूला. बाळाचा आकडा उतरायचा थांबला. काही वेळ तिथेच राहिला. मग एक दशांश वर. मग आणखी एक. श्वास आला, थांबला, आला, आणि या वेळी येतच राहिला. त्याने एक मूठ उघडली आणि माझ्या कातडीवर मिटली.

त्याचा आकडा साडेछत्तीसला पोचला तेव्हा माझा उतरायला लागला. सावकाश, बेताने. पुरे झालं हे कुणीतरी त्याला कळवल्यासारखा.

"काय झालं?" सिस्टरांनी विचारलं. मी रडत होते, ते मला तेव्हा कळलं.

"मी काही केलं नाही," मी म्हणाले. "सिस्टर, मी खरंच काही केलं नाही."

त्यांनी दोन्ही आकडे पाहिले. मी काय पाहिलं ते त्यांना सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी ते गोगोला सांगितलं. गोगोने मान डोलावली. तिला नवल वाटलं नव्हतं. तिने पुढे होऊन तारा बाजूला सारल्या आणि माझ्या गळ्याखाली तळहात ठेवला. चुलीवरच्या भांड्याला बाहेरून हात लावून बघावा तसा. मग दार लावून घेतलं.

आता मी पुण्यात तापमापकांची अचूकता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कारखान्यांची, दवाखान्यांची, कुणाकुणाची उपकरणं येतात, ती खरं बोलतात का हे आम्ही सांगतो. त्या पहाटेबद्दल मी पुढे पुष्कळ वाचलं. बाळंत झालेल्या बाईची छाती बाळाच्या गरजेप्रमाणे तापते आणि निवते, हे मोजलं गेलेलं आहे. जिने जन्म दिला नाही, जिने कधी मूल धरलंही नाही, तिच्याबद्दल मला समाधान होईल असं काही सापडलं नाही. एका निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही, हे मी रोज इतरांना ऐकवते. पण त्या दिवशी मी तारा बदलून पाहिल्या होत्या.

शनिवारी संध्याकाळी तियामिकेचा ताप उतरला. रविवारी सकाळी तिने पेज प्यायली आणि सिस्टरांनी तिला उशांना टेकवून बसवलं. गोगोने माझ्या पाठीमागची गाठ सोडली. बाळाला माझ्यावरून उचलून तिच्यावर ठेवेपर्यंत दोन श्वासांचाही वेळ गेला नसेल, पण छातीवरची ती जागा एकदम उघडी पडली. मी तारा त्या दोघांना लावल्या आणि थांबले. बाळाचा आकडा थोडा उतरला. आम्ही चौघी थर्मामीटरच्या काळ्या डबीकडे बघत राहिलो.

मग तो चढायला लागला.

"आता हलकाय," तियामिके म्हणाली. ती त्याच्या डोक्यावर ओठ टेकवून बोलत होती.

मी थर्मामीटर तिथेच ठेवला. नदीही उतरली होती. दुपारी हॉस्पिटलची गाडी येणार होती आणि आमचीही. त्या दोघांची पुढची सगळी खबर सिस्टर म्वालेंकडून मला मिळत आली आहे. मुलगा शाळेत जातो, झाडांवरून पडतो, आणि त्याला थंडी अजिबात वाजत नाही म्हणे. नगरहून पाठवलेली नळी बसवल्यापासून वॉर्मरही चालू आहे.

मी चर्चमध्ये पोचले तेव्हा उपासना अर्धी झाली होती. माझ्याबरोबर आलेली गोगो बायकांच्या बाजूला गेली, मी मागच्या बाकावर बसले. आंटींनी वळून पाहिलं, ओढणी नीट कर अशी खूण केली, आणि मग भुवया उंचावून विचारलं. मी होकाराची मान डोलावली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पुढे टेबलावर वॉर्मर उभा होता. शलमोनने तो पुसून लख्ख केला होता आणि वर तो भरलेला रुमाल घातला होता. सर उठले. त्यांच्या हातात तो कागद होता.

"आम्ही तुम्हाला एक दान कबूल केलं होतं," ते म्हणाले. मंडळीतले एक वडीलधारे त्यांचं बोलणं गावच्या भाषेत सांगत होते. "ते मोडलेलं निघालं. आम्ही ते इतकं जपलं की उघडून बघितलंच नाही. नवीन नळी आम्ही पाठवू. आज मात्र जे आहे ते असं आहे. तरी आपण त्यावर हात ठेवू या, तुमची हरकत नसेल तर. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणीतरी पुढे यावं."

त्यांनी एक हात यंत्रावर ठेवला आणि वाट पाहिली.

बायकांच्या बाजूने गोगो उठली. तिला उठायला वेळ लागला. शेजारणीने हात दिला तो तिने झिडकारला. ती मधल्या वाटेत आली. सरांनी तिला जागा करून देण्यासाठी एक पाऊल मागे घेतलं.

ती टेबलाकडे गेलीच नाही. वळली आणि मागे यायला लागली. तिच्या पायात काही नव्हतं, मातीच्या जमिनीवर पावलांचा आवाज नव्हता, मधूनमधून फक्त खोकला. सगळं चर्च माना वळवून बघत होतं. ती बाकांच्या ओळी मागे टाकत माझ्यापर्यंत आली आणि थांबली. मी उठायला लागले. तिने खांदा दाबून मला खाली बसवलं.

मग तिने एक तळहात माझ्या डोक्यावर ठेवला आणि दुसरा गळ्याखाली, नेमका तिथे.

तिच्या मागोमाग आणखी बायका उठल्या. म्हाताऱ्या होत्या, तरण्या होत्या, पाठीला पोरं बांधलेल्या होत्या. ज्यांचे हात माझ्यापर्यंत पोचले त्यांनी ते माझ्या खांद्यांवर, पाठीवर ठेवले. ज्यांचे पोचले नाहीत त्यांनी पुढचीच्या पाठीवर ठेवले. आंटीही त्यांत होत्या, आणि या वेळी त्यांना कुणी अडवलं नाही.

हातांच्या फटीतून मला समोरचं दिसत होतं. सर एकटेच टेबलाशी उभे होते, हात यंत्रावर. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. यंत्रावरचा हात त्यांनी उचलला आणि मधल्या वाटेवरून आमच्या दिशेने धरला.

आमच्यात आधी समर्पण होतं आणि मग वस्तू वापरतात. इथे उलटं झालं होतं, पण सरांनी ते बोलून दाखवलं नाही. त्यांनी कागदावरचं वाचायला सुरुवात केली, मराठीत, नगरला लिहिलेलं तसंच.

"प्रभू, तुझ्या लहान लेकरांना ऊब मिळावी म्हणून नगरच्या मंडळीने पाठवलेलं हे दान स्वीकार. ज्या हातांनी मूठमूठ बाजूला काढली त्यांना आशीर्वाद दे. याचा उपयोग तुझ्या गौरवासाठी होऊ दे. आणि याला पुष्कळ वर्षं चालू ठेव."

त्यांनी एकही शब्द बदलला नाही. गोगोला त्यातलं काही कळलं नसणार, पण कुठे थांबायचं ते तिला कळलं.

"आमेन," ती म्हणाली, आणि हात मात्र काढला नाही.